गोजराबाई आणि नवसाचा म्हातारा बोकड

गोजराबाईंबद्दल सांगायचं तर आवाजापासून सुरुवात करावी लागते. पौडच्या बाजारात उभ्या राहून त्या कुणाला हाक मारायच्या, तेव्हा मुळा नदीपलीकडची म्हैस चरायची थांबून मान वर करायची. बाई रुंद, सावळी, नऊवारीचा पदर कायम खोचलेला. दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय त्यांना नव्हती. मलाही नाही. म्हणूनच आमचं जमलं असावं.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन पौडच्या शाळेत शास्त्र शिकवायला आले आणि गोजराबाईंच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी जया नदीपलीकडच्या वाडीत दिलेली, त्यामुळे घरात त्या एकट्याच. मी मटण खाते हे कळल्यावर त्यांनी "मग मानसात हाय" असा शेरा मारला आणि त्या दिवसापासून मला एकदाही उपाशी झोपू दिलं नाही.

त्यांचा व्यवसाय स्वयंपाकाचा, पण पुरणपोळीवाल्यांतल्या त्या नव्हेत. लग्न, जत्रा, नवस, जिथे म्हणून बोकड पडेल तिथे चुलीपाशी गोजराबाई. लवळे, सूस, मारुंजी, इकडे थेट धरणाकाठच्या वाड्यांपर्यंत त्यांना बोलावणं असे. बैलगाडीत दोन तांब्याची पातेली पालथी घालायची आणि त्यांतल्या एकावर स्वतः बसायचं, असा त्यांचा प्रवास. गाडीवान तक्रार करायला लागला की म्हणायच्या, "पातेल्याला पोचा आला तर माजा आला, तुला काय?"

जनावर कसलंही असो, त्यांच्या हातचं मटण लोण्यासारखं व्हायचं. लोक विचारायचे आणि त्या हात पुढे करून दाखवायच्या. म्हणे हातात गुण आहे. गुण हातात मुळीच नव्हता, तो परसातल्या पपईत होता. कच्ची, हिरवी पपई सालीसकट किसायची, मटणाला चोळून ठेवायची आणि मग पातेलं चढवायचं. हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं आणि त्यांना तसं सांगितलंही. त्या मुळीच ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, पपई सगळ्यांच्याच परसात आहे, मग सगळ्यांचं मटण तसं का होत नाही? याला उत्तर होतं, पण त्या ऐकायला थांबल्या नाहीत.

आता जयाच्या सासरचं सांगते. सासरे हैबतराव वाडीतले मोठे शेतकरी, आंबेमोहराची खाचरं, दारात बैलजोड्या. माणूस गरीब स्वभावाचा. घर चालवायच्या त्या सासूबाई, सारजाबाई. किडकिडीत बाई, कमी बोलायच्या, पण बोलल्या की नेमकं लागेल असं. चार म्हशी होत्या आणि दुधाच्या बाबतीत त्यांच्या नजरेला फसवणं अशक्य होतं. दूध नासलं तर का नासलं, भांड्याने की हाताने, हे त्या वासावरून सांगायच्या. गोजराबाईंच्या बढाया त्यांना खपत नसत. "ईनबाईंचा हात जास्त चालतो का तोंड, ह्ये अजून कळलं न्हाई," असं त्या लग्नाच्या पंगतीतच बोलल्या होत्या आणि गोजराबाई ते विसरल्या नव्हत्या.

सारजाबाईंचा मुलगा, म्हणजे जयाचा नवरा वाल्मीक, मॅट्रिकला बसत असे. मुद्दाम "बसत असे" म्हणते, कारण ते वर्षानुवर्षं चाललं होतं. तो पहिल्यांदा नापास झाला तेव्हा सारजाबाईंनी डोंगराखालच्या वाघजाईला नवस बोलला की पोरगा मॅट्रिक झाला की बोकड देईन. त्याच दिवशी गोठ्यातलं एक करडू देवीच्या नावाने सोडलं. पोरगा पुन्हा नापास झाला. करडाचा बोकड झाला. पोरगा पुन्हा नापास झाला. बोकडाला दाढी आली, शिंगं मागे वळली, वासाने वाडी हैराण झाली. देवीचा असल्याने त्याला कुणी हाकलत नसे, त्यामुळे तो कुणाच्याही शेतात शिरायचा. लोकांनी त्याचं नावच मॅट्रिक ठेवलं होतं. "मॅट्रिक आमची मेथी खाऊन गेला," असं वाल्मीकच्या तोंडावर म्हणायला कुणालाच संकोच वाटत नसे.

त्यातच वाल्मीकचं लग्न झालं, आणि लग्नानंतर तो आणखी दोनदा नापास झाला. मग सारजाबाई एवढंच म्हणाल्या, की सून आल्यापासून घरात बोकडच तेवढा वाढतो आहे. जया ते हसण्यावारी न्यायची. तिच्या आईला ते रात्रंदिवस टोचायचं.

मी आले त्या वर्षी वाल्मीक माझ्याकडे शास्त्राच्या शिकवणीला यायचा. मुलगा मठ्ठ नव्हता, भित्रा होता. ऑक्टोबरच्या परीक्षेत तो पास झाला. डिसेंबरात निकाल लागला तेव्हा वाडीने आधी बोकडाला हार घातला, मग त्याला. आणि नेमकं त्याच सुमारास जयाला दिवस गेल्याचं पक्कं झालं.

नवस फेडायचा दिवस ठरला. भात झोडून झालेलं, माणसं मोकळी. वाघजाईच्या नवसाची रीत कडक होती. बोकड सकाळी पूजेनंतर पाडायचा आणि देवळापुढच्या माळावर शिजवायचा. ज्या घरचा नवस, त्या घरातल्या प्रत्येकाने त्याच पातेल्यातलं खायचं, वेगळं शिजवायचं नाही. आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपवायचं. एक फोडसुद्धा देवळाखालचा ओढा ओलांडून घरी न्यायची नाही की टाकायची नाही. उरलं तर देवीने नवस घेतला नाही असा अर्थ. स्वयंपाकाला अर्थातच गोजराबाई. दुसरं कोण येणार? विहीणच ती.

हे बोलावणं आलं त्या संध्याकाळी गोजराबाई पहिल्यांदा गप्प बसलेल्या मी पाहिल्या. विचारलं तर म्हणाल्या, सहा वर्षांचा बोकड आहे तो, दिवसभर उकळला तरी माळावरच्या म्हाताऱ्यांना चावणार नाही. पातेलं उरणार. आणि उरलं की खापर कुणावर फुटणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

"मग पपई घाला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कुठल्या जंगलातून आले होते. पोटुशी बाई आणि पपई? पपई गरम. जयाला दिवस गेल्याचं कळताच सारजाबाईंनी परसातलं पपईचं झाड मुळापासून काढून टाकलं होतं. गोजराबाईंचाही त्यावर पुरेपूर विश्वास होता. पपई घातली तर लेकीच्या पोटाला धोका, न घातली तर लेकीच्या कपाळी बोल. एवढ्या मोठ्या बाईचा त्या दिवशी अगदी जीव लहान झाला होता.

पण त्या हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एक युक्ती काढली. पपई गरम आहे ना? मग तिची गरमी काढून टाकायची. सुरण नाही का आपण उकडून, पाणी फेकून त्याची खाज काढत? तशी पपई उकडायची, पाणी ओतून द्यायचं, आणि तो गर मटणाला चोळायचा. आधी एका जुन्या कोंबड्यावर करून बघायचं ठरलं. मला काहीच सांगितलं नाही. शाळेतून आले तेव्हा कोंबडा रटरटत होता.

तो कोंबडा मी जन्मात विसरणार नाही. मी चावला, गोजराबाईंनी चावला. शेवटी एक तंगडी मांजराला टाकली, तर मांजर ती घेऊन गेलं आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवून गेलं.

"पपईच खराब निगाली," गोजराबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, पपई उत्तम आहे, तुम्ही तिला मारलंत. मग मात्र त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. ते इथेही सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मटण म्हणजे मुख्यतः प्रथिनं. प्रथिन म्हणजे माळ समजा, लांबच लांब, बारीक मण्यांची, गुंडाळून, पिळून, एकमेकींत अडकवून ठेवलेली. म्हाताऱ्या जनावरात हा पीळ घट्ट. पपईच्या चिकात एक पदार्थ असतो, तो या माळा मध्येच तोडतो. अशा पदार्थांना आम्ही कॉलेजात एन्झाइम म्हणायचो. आता पुस्तकात विकर म्हणतात. आपल्या पोटातही ते असतात. खाल्लेल्या मटणाच्या, डाळीच्या, दुधाच्या माळा पोटातली एन्झाइम तोडतात, सुटे मणी रक्तात जातात, आणि त्याच मण्यांतून शरीर स्वतःला हव्या त्या नव्या माळा ओवून घेतं. ओवायलाही एन्झाइमच लागतात. जयाच्या पोटातलं बाळ अशाच मण्यांतून घडत होतं.

गोजराबाई इथवर नीट ऐकत होत्या. मग त्यांनी अडवलं. "पोटात जर मांस तोडनारं हाय, तर मग ते पोटच का न्हाई खात? पोट बी मांसाचंच की."

वर्गात हा प्रश्न एकाही पोराने विचारला नव्हता. मी सांगितलं की पोटाला आतून बुळबुळीत अस्तर असतं, आणि शिवाय ते एन्झाइम तयार होतं तेव्हा तलवार म्यानात असावी तसं बंद असतं, पोटात उतरल्यावरच उघडं होतं. हे त्यांना पटलं.

"आता खरी गंमत ऐका," मी म्हटलं. "हे जे प्रथिन तोडणारं आहे ना, ते स्वतःही प्रथिनच आहे."

त्या म्हणाल्या, "म्हंजे कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ."

याहून चांगलं मला आजही सांगता येणार नाही. लाकडाच्याच दांड्याने लाकडाची कत्तल करावी, तसंच हे. फक्त इथे दांडाच नव्हे, पातंही लाकडाचंच. आणि म्हणूनच त्यांचा घोटाळा झाला होता. प्रथिनाला आच लागली की त्याचं रूप बदलतं. अंड्याचा बलक नि पांढरं पातळ असतं, उकडलं की घट्ट होतं, मग बर्फात ठेवलं तरी पुन्हा पातळ होत नाही. एन्झाइमचं सगळं काम त्याच्या घडीवर, आकारावर चालतं. किल्लीचे दाते वितळले तर कुलूप उघडेल का? गोजराबाईंनी पपई खळखळ उकळली, तेव्हा तिच्यातलं एन्झाइम अंड्यासारखं शिजून गेलं. चोळला तो नुसता पपईचा भाजीसारखा गर.

"म्हंजे गरमी काडाया ग्येले आन् धारच काडली," त्या म्हणाल्या.

"तेच. आता उलटा विचार करा. कच्ची पपई मटणाला चोळली, तिने आपलं काम केलं. मग पातेलं चुलीवर चढलं, तासन्‌तास उकळलं. तेव्हा तिचं काय होणार?"

 उत्तर मला त्यांच्या तोंडावर उमटलेलं दिसलं. जी आच त्यांच्या कोंबड्याला नडली होती, तीच आच लेकीला राखणार होती. सुरुवातीला, पातेलं कोमट असताना, ते एन्झाइम उलट जास्त जोराने काम करतं. पण उकळी धरली आणि ती टिकली की संपलं. पपई खाऊन काय होतं नि काय नाही याची चर्चा मी त्यांच्याशी केली नाही, मी काही डॉक्टर नाही. पण चांगलं शिजलेल्या मटणात चिकाची ताकद उरत नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं आणि तेवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या वाडीला जाऊन जयाला सगळं सांगून आल्या. जया म्हणे हसली आणि म्हणाली, "आये, तू शिजिवलेलं मी आजवर कवा सोडलंय?" सासूला मात्र दोघींनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पपई ओढ्याच्या अलीकडेच राहिली असती.

नवसाच्या दिवशी मीही गेले. मॅट्रिक पास करवणारी बाई म्हणून मला पाटाचा मान होता. थंडी होती, माळावर ऊन छान लागत होतं. पूजा झाली. बाबालाल मुलाण्याने बोकड पाडला; वाड्यांवरचा तो मान त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. फोडी करताना त्याने दोनदा सुरा दगडावर घासला आणि म्हणाला, "वाल्मीकराव, तुमच्यापक्षा ह्यो कडक निगाला."

गोजराबाई देवळामागे मटण घेऊन बसल्या आणि पपई किसून चोळायला लागल्या. सगळं चोळून झालं, वर पळसाची पानं झाकली. आणि मग पाणी मागायला म्हणून सारजाबाई तिथे आल्या.

हिरव्या साली तिथेच पडल्या होत्या. सारजाबाईंनी एक उचलली, वास घेतला. आरडाओरडा केला नाही. साल हातात धरून त्या गोजराबाईंपुढे येऊन उभ्या राहिल्या. हळूहळू माणसं जमली.

"ईनबाई, ह्ये काय हाय?"

"पपई हाय," गोजराबाई म्हणाल्या. "दिसती न्हाई व्हय?"

"माजी सून पोटुशी हाय."

"तुमची सून तीन वर्सं झाली. माजी लेक ती जलमल्यापासनं हाय. तिच्या वाईटावर मी बसंन व्हय?"

मग जुंपली. गोजराबाईंचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. सारजाबाई एखादाच बोल बोलायच्या, पण तो वर्मी लागायचा. हैबतराव मध्ये पडायला गेले तर दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. मटण टाकून द्यावं तर देवीचं, टाकता येत नाही. जयाने खाऊ नये तर नवस फिटत नाही. गोजराबाईंनी मग माझ्याकडे बोट केलं आणि मी पुन्हा सगळं सांगितलं, माळ, मणी, अंडं, कुऱ्हाड. सारजाबाईंनी ऐकून घेतलं.

"बाई, तुमी शिकलेल्या हाय," त्या म्हणाल्या. "पर मी डोळ्यानं बगितल्याबिगर सुनंच्या तोंडात घास जाऊ द्यायची न्हाई."

"बघायचं कसं?" मी विचारलं.

"माज्या दुदाला इचारायचं." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एकदा गोठ्यात पपईच्या पानाचा देठ चरवीत पडला होता, चीक उतरला आणि धारोष्ण दूध उभ्या उभ्या नासलं. म्हणून त्या झाडावर त्यांचा आधीपासूनच दात होता. मटणाच्या पाण्यात पपई जिवंत असेल तर त्याने दूध नासेल; मेलेली असेल तर नासणार नाही. दुधातलं प्रथिन पपईच्या चिकाने गोठतं, प्रयोगशाळेतही अगदी अशीच परीक्षा घेतात. मी तसं सांगितलं तेव्हा सारजाबाई म्हणाल्या, घेत असतील.

एकदाचं पातेलं चढलं. हळद, मीठ, आलं-लसूण आणि पाणी, बाकी काही नाही. आमच्याकडे आधी असं आळणी शिजवतात आणि मसाला नंतर. खाली लाकडं रेटली. तोवर दोघी विहिणी पातेल्याच्या दोन बाजूंना दगडांवर बसल्या, एकमेकींकडे पाठ करून. जया अधूनमधून येऊन खोल श्वास घेऊन जात होती. तिला म्हणे सकाळपासून भुकेने काही सुचत नव्हतं.

मटण चांगलं रटरटून झाल्यावर सारजाबाईंनी चहासाठी आणलेली दुधाची चरवी मागवली. दूध कोमट केलं, तीन वाट्यांत ओतलं. एका वाटीत नुसतं दूध राहू दिलं. दुसरीत कच्च्या पपईच्या सालीचा चीक पिळला. तिसरीत आळणी पाणी निववून घातलं, तेही चांगलं पळीभर. कुणीही वाटीला हात लावायचा नाही म्हणून सगळ्यांना मागे सारलं. वाडीतली माणसं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती. वाल्मीक निकालाच्या दिवशी दिसला नव्हता इतका घाबरलेला दिसत होता.

चिकाच्या वाटीत थोड्याच वेळात बदल दिसायला लागला. दूध जाड झालं, मग कडेने हिरवट पाणी सुटलं, मधे पांढरा गोळा जमला. सारजाबाईंनी वाटी तिरकी करून सगळ्यांना दाखवली. मग तिसरी उचलली. हळदीने पिवळी झालेली, तिरकी केली तर दूध नुसतं हललं. त्यांनी पुन्हा खाली ठेवली, आणखी वाट पाहिली, पुन्हा तिरकी केली. बोट बुडवून दोन बोटांत चोळून पाहिलं. वास घेतला.

गोजराबाईंकडे बघवत नव्हतं. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, पण लेक ती लेक.

"न्हाई नासलं," सारजाबाई म्हणाल्या. "मेली हाय."

आता कुणाचा जीव टांगणीला नको म्हणून इथेच सांगून टाकते. जयाला पाऊस लागता लागता, वेळेवर मुलगी झाली, ठणठणीत. तिला आता नातवंडं आहेत आणि आवाज तिच्या आजीचा आहे.

मसाला पडला, तर्री आली, भाकऱ्यांच्या चळती लागल्या. रीतीप्रमाणे पहिला घास भावकीतल्या सर्वांत वडीलधाऱ्याचा. ते भिकूनाना, तोंडात एक दात नाही. आजवरच्या सगळ्या नवसांना नानांनी रस्सा भुरकून "पावली" म्हटलेलं. फोड ते लांबून बघायचे. या वेळीही त्यांनी रस्सा भुरकला. मग फोड बोटाने दाबली, तर ती हाडापासून आपोआप सुटली. त्यांनी ती तोंडात घातली, हिरड्यांनी घोळवली, गिळली आणि ताट पुढे केलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नाना, पावली का?" हैबतरावांनी विचारलं.

"आजून येक दे, मंग सांगतो."

त्यानंतर माळावर कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. जया सासूशेजारी बसून जेवली आणि तिने दोनदा मागून घेतलं; दुसऱ्यांदा सारजाबाईंनीच वाढलं, तेही नळी शोधून. बाबालालने मान्य केलं की मॅट्रिक शेवटी मऊ पडला. ऊन डोंगराच्या खांद्यावर असतानाच पातेल्याचा तळ दिसायला लागला. वाल्मीकने भाकरीच्या तुकड्याने ते आतून असं पुसलं की ते घासायची गरज उरली नाही.

स्वयंपाकिणीने शेवटी बसायचं असतं. गोजराबाई बसल्या तेव्हा भाकरी होती, कांदा होता आणि रिकामं पातेलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्याकडे त्या अशा बघत होत्या, जणू त्यांचं पोट भरलेलंच होतं. सारजाबाई आपलं ताट घेऊन आल्या, त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोर बसल्या. ताटात एकच फोड राखून ठेवलेली होती, पानाखाली झाकून.

"खावा, ईनबाई."

गोजराबाईंनी ती तोंडात घातली आणि डोळे मिटून चावली. चावण्यासारखं काही नव्हतंच. सगळे कौतुक ऐकायला थांबले होते. त्यांनी घास गिळला आणि नाक मुरडलं.

"लई मऊ झालं. गिळगिळीत. तुमी भांडत बसला, तवर पपई बसली मटनावर. लवकर चडवाया पायजे हुतं."

"बरं," सारजाबाई म्हणाल्या. "पुडल्या येळंला सकाळीच भांडून घिऊ."